सहकारी विमानाला ऐकू येईना

या मुलखात कुठलीही वस्तू एकटीदुकटी चालत नाही. आधी तिची संस्था निघते, मग संस्थेची निवडणूक होते, मग नारळ फुटतो आणि त्यानंतर ती वस्तू चालायला लागते. कधी कधी वस्तू चालतच नाही, पण संस्था चालू राहते, त्यामुळं कुणाचं अडत नाही. ऊस असा चालला, दूध असं चाललं, नदीचं पाणीसुद्धा असंच माळावर चढलं. मग विमानानंच काय घोडं मारलं होतं? बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर एक मोकळा माळ होता. त्या माळावर एके दिवशी 'श्री म्हसोबा सहकारी उड्डाण प्रशिक्षण संस्था मर्यादित' जन्माला आली. (मर्यादित हा शब्द कायद्यानं लावावा लागतो. विमानाच्या उंचीशी त्याचा संबंध नाही.)

संस्थेकडं विमान एक, संचालक एकवीस. विमानात बसणारी माणसं चार, त्यामुळं संचालक मंडळाची बैठक विमानात घ्यावी ही सूचना पहिल्याच वर्षी बारगळली.

धावपट्टीचं एक टोक बारामती तालुक्यात होतं आणि दुसरं इंदापूर तालुक्यात. उद्घाटनाच्या वेळी मानपानाचा प्रश्न निघाला, तेव्हा असा ठराव झाला की विमान सुटेल ते बारामतीच्या टोकावरून आणि टेकेल ते इंदापूरच्या टोकावर. वारा समोरून घेऊन उडावं आणि समोरून घेऊनच उतरावं, असं विमानाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे खरं. पण पुस्तक लिहिणारा सभासद नव्हता आणि वाराही नव्हता. शिकवणारे कॅप्टन इंद्रजित हे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी तोड काढली. ते वाऱ्याप्रमाणं उडायचे आणि वहीत ठरावाप्रमाणं लिहायचे. दोन्ही तालुके समाधानी होते आणि विमानही अजून उलटं झालं नव्हतं.

कोऱ्हाळे बुद्रुकचा जोतीराम या संस्थेचा सभासद होता. तसा तो साखर कारखान्याचा, दूध संघाचा, पतपेढीचा आणि एका कोंबड्या नसलेल्या कुक्कुटपालन संस्थेचाही सभासद होता. हात वर करायची त्याच्या खांद्याला चांगली सवय होती. पण विमानाच्या संस्थेत त्याचा जीव गुंतला होता, कारण त्याची थोरली लेक उत्कर्षा तिथं विमान शिकत होती. तिचं सगळं झालं होतं. लेखी पेपर झाले, कॅप्टनबरोबरचे फेरे झाले. राहिला होता तो एकटीनं करायचा लांबचा फेरा. तो सप्टेंबर संपायच्या आत झाला नाही, तर पेपरांची मुदत संपणार होती आणि सगळे पेपर पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागणार होते.

आणि नेमकं त्याच वर्षी विमानाला ऐकू येईना.

विमानात एक रेडिओ असतो. खालच्या केबिनमध्ये बसलेली विजयमाला ही संस्थेची रेडिओ ऑपरेटर. ती खालून बोलते, वरचा ऐकतो. वरचा बोलतो, ती ऐकते. विमान तिच्या केबिनसमोर उभं असलं की सगळं ठणठणीत. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला गेलं की आवाजात खर यायची, आणि शेजारच्या सांगवी गावाच्या वर गेलं की फुटक्या पाईपातून पाणी सुटल्यासारखा नुसता फुस्सकारा. एकदा कॅप्टन आणि उत्कर्षा उतरत असताना धावपट्टीवर म्हैस आली. विजयमाला खालून जीव तोडून ओरडत होती. वर फुस्सकारा. उत्कर्षाला म्हैस दिसली ती शिंगासकट. तिनं विमान वर ओढलं, गिरकी घेतली आणि मग उतरवलं. (म्हैस इंदापूर तालुक्यातली होती असं बारामतीकरांचं म्हणणं. इंदापूरकरांच्या मते ती माहेरची बारामतीची.)

कॅप्टननी त्याच दिवशी सांगून टाकलं, "ज्याला खालचं ऐकू येत नाही, त्याला वर एकटं सोडायचं नाही. रेडिओ दुरुस्त करा, मग मी पोरीला सोडतो."

आता रेडिओ का बिघडला याचा शोध लागायला किती वेळ लागावा? आपल्याकडं अशा शोधाला एखादा हंगाम जातो. पण संस्थेनं पुण्याहून रेश्मा नावाची एक इंजिनिअर आणली होती आणि तिला अजून इथली पद्धत माहीत नव्हती. तिनं मीटर लावला, विमानाच्या टपावर चढली, खाली उतरली आणि चहा निवायच्या आत कारण सांगितलं. हा तिचा कामातला पहिला दोष.

"काका, वरचा अँटेना बघितला ना? माशाच्या पाठीवरच्या परासारखा उभा आहे तो," ती जोतीरामला म्हणाली. तो पोरीला न्यायला आला होता. "त्याच्या बुडाला विमानाचा उघडा पत्रा लागावा लागतो. इथं बुडाखाली ऑइलपेंट आहे. तीन हात. शिवाय कडेच्या फटीत लांबी भरलीय ती वेगळी."

"म्हंजी मोटरला अर्थिंग मिळंना, तसं?"

"तसंच."

"मग खरवडा की. तळहातायेवढं तर काम हाय."

"खरवडते. पण तिथं काय लिहिलंय ते एकदा तुम्ही वाचून या."

जोतीराम शेजारच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढला, पंखाला धरून टपावर वाकला आणि वाचलं. मग जितक्या सावकाश चढला होता त्याच्या दुप्पट सावकाश उतरला.

"च्या घिऊ आपण," तो म्हणाला.

झालं होतं असं. संस्थेचे अध्यक्ष, बारामतीचे सावळारामआबा यांची उन्हाळ्यात एकसष्टी झाली. त्या निमित्तानं विमान रंगवायचं ठरलं. विमानाचा रंग फवाऱ्यानं आणि मापानं देतात, जाड झाला तर विमान जड होतं, असं कॅप्टन म्हणाले होते. पण इंदापूरचा म्हस्कू पेंटर पंचक्रोशीतल्या सगळ्या ट्रॉल्या रंगवतो आणि त्यातली एकही ट्रॉली वजनामुळं जाग्यावर राहिलेली नाही, हा मुद्दा बिनतोड ठरला. म्हस्कूनं जीव ओतून काम केलं. दोन्ही दारांवर हंस काढले. शेपटावर 'पुन्हा भेटू' लिहिलं. (एकट्यानं पहिल्यांदा उडणाऱ्याला हे वाचून धीर येतो.) आणि टपावर, अँटेना काढून ठेवून, तीन हात पांढरा देऊन, त्यावर सोनेरी अक्षरांत 'सावळारामआबांचा आशीर्वाद' असं लिहिलं आणि सुकल्यावर अँटेना होता तिथं पुन्हा बसवला. तो बरोबर 'आशीर्वाद' या शब्दावर बसला.

टपावरचं खालून कुणाला दिसणार, असा प्रश्न मंडळात आला होता. त्यावर आबाच म्हणाले होते, "खालच्यांना म्हायतीच हाय. वरच्याला कळू दे."

तर रेडिओला ऐकू का येत नाही हे आता संस्थेत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. विजयमालाला ठाऊक होतं, वॉचमनला ठाऊक होतं, माळाच्या कडेच्या वडापाववाल्यालाही ठाऊक होतं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक असलं की समिती नेमायची पाळी येते. 'श्रवण सुधारणा समिती' नेमली गेली. तिचे अध्यक्ष म्हणून इंदापूरचे उपाध्यक्ष दिग्विजयराव यांना घेतलं, म्हणजे अपयश आलं तर ते तिकडं जावं. पालकांचा प्रतिनिधी म्हणून जोतीरामला घेतलं, म्हणजे पालकांनी ओरडू नये.

पहिल्याच बैठकीत रेश्मानं आपलं म्हणणं मांडलं. दिग्विजयरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, तुमचं शास्त्र बराबर हाय. पण सुरवात एकदम टोकापासनं करायची न्हाय. आधी बाकीची कारणं संपवू."

"बाकीची कारणंच नाहीत, साहेब."

"ती समिती शोधंल की. तिला तेवढ्यासाठीच नेमलीय."

त्यानुसार रेश्माचं कारण तत्त्वतः मान्य करून बाजूला ठेवण्यात आलं, आणि समितीनं बाकीच्या कारणांचा शोध सुरू केला. तिनं केलेल्या कामाची नोंद घेणं भाग आहे, कारण इतकं काम या माळावर आधी कधी झालं नव्हतं.

रेडिओला एक बटण असतं. ते फिरवलं की खरखर कमी होते. समितीनं ते पूर्ण फिरवलं. खरखर शंभर टक्के बंद झाली. विजयमालाचा आवाजही बंद झाला, पण तो समितीच्या विषयात नव्हता. 'खरखर निर्मूलन पूर्ण' अशी पाटी विमान ठेवायच्या छपराला लागली.

मग कानाला लावायचे हेडफोन जुने आहेत असं ठरून नवे चार आणले. ते चाचणीसाठी संचालकांनी घरी नेले. एक परत आला, त्यात गाणी छान ऐकू येतात असा अभिप्राय होता.

विमानात मोबाइल चार्जर लावला की रेडिओत आवाज घुसतो, हे खरंच आहे. रेश्मानंही मान हलवली. चार्जरवर बंदी आली. (संचालक वगळून.)

पुढच्या पंख्याला बांधलेलं लिंबू-मिरची डावीकडून उजवीकडं घेतलं. फरक पडला नाही. मग मूळ जागी आणलं, तेव्हा मात्र दोन सदस्यांना थोडा फरक वाटला.

विजयमालाला मोठ्यानं बोलायला सांगितलं. ती इतक्या मोठ्यानं बोलायला लागली की सांगवीत ती रेडिओशिवाय ऐकू यायची. वरती मात्र फुस्सकाराच. तेव्हा तिच्या बोलण्यात गोडवा कमी आहे असा निष्कर्ष निघाला आणि तिला दोन दिवस सुसंवादाच्या शिबिराला पाठवलं. त्या दोन दिवसांत केबिनमध्ये कुणीच नव्हतं, आणि रेडिओबद्दल एकही तक्रार आली नाही. समितीनं या गोष्टीची विशेष दखल घेतली.

मग अभ्यास दौरा झाला. गोव्याच्या विमानांना ऐकू येतं का, ते बघायला संचालक मंडळ गोव्याला गेलं. तिथल्या विमानांना येतं. तसे फोटो आहेत.

शेवटी कॅप्टन वैतागून म्हणाले की रेडिओ नसेल तर खालून दिव्यानं खूण करायचीही एक रीत असते, हिरवा म्हणजे उतर आणि लाल म्हणजे थांब. हा तोडगा समितीला फार आवडला. हिरवा दिवा बारामतीच्या टोकाला आणि लाल दिवा इंदापूरच्या टोकाला, असं आबांच्या माणसांनी सुचवलं. दिग्विजयराव ताडकन उठले.

"आमाला कायमचा लाल?"

त्या बैठकीत दोन खुर्च्या मोडल्या आणि दिव्याचा विषय विझला.

जोतीराम या सगळ्या बैठकांना हजर होता. त्यानं प्रत्येक बैठकीत पोहे खाल्ले आणि प्रत्येक बैठकीत आज बोलायचं असं ठरवलं. पोहे चांगले असायचे. त्यामुळं बोलणं राहून जायचं.

घरी उत्कर्षा त्याच्या ताटासमोर येऊन बसायची.

"अण्णा, आज काय झालं?"

"लिंबू बदललं."

"तुमी बोलला का?"

"बोलणार हुतो."

"कवा बोलणार? म्हैना संपत आला."

"हे बघ, बाय," जोतीराम भाकरी मोडत म्हणाला, "आपला आडसाली ऊस यंदा पयल्या तोडीत गेला पायजे. तुरा आला तर वजनात मार बसतो. आन् कारखान्यात तोडीची यादी कोण करतं? आबाच. आता मीच उठून म्हणू व्हय, की तुमचा आशीर्वाद खरवडा?"

"म्हंजी उसाला तोड मिळावी म्हणून मी जिमिनीवर बसू?"

"बस कुठं म्हणतोय? जरा दमानं उड."

उत्कर्षानं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं भाकरी खाली ठेवली. "अण्णा," ती म्हणाली, "म्हैस दिसली तवा मी तुमाला सांगितलं नव्हतं. लई जवळ हुती."

त्या रात्री जोतीरामला जेवण गोड लागलं नाही. सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून आबांच्या बंगल्यावर गेला. आबा झोपाळ्यावर होते. आबांचा स्वभाव असा, की त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

"ये जोतीराम. काय म्हणतीय आमची झाशीची राणी?"

"आबा, त्येच्याबद्दलच आलोय. ती इंजिनिअरीण म्हणती, टपावरचं नाव तसंच ठिवायचं. नावाला धक्का न्हाय. फक्त खालचा येक शबुद तळहातायेवढा…"

"अरे, पुसा की! सगळं नाव पुसा," आबा मोकळेपणानं हसले. "मला काय हौस हाय का नावाची? मी सोता येऊन पुसतो. पर कार्यकर्त्यांचं काय करू? त्यांच्या भावना हायत्या. म्हस्कू पेंटर तर रडंल. त्याला कोण समजावणार?"

"मी समजावतो, आबा."

आबांनी झोपाळा पायानं थांबवला. "तुजा ऊस कुठल्या अंगाला हाय?"

"कॅनॉलच्या."

"बरा हाय का?"

"बरा हाय."

"मग बराच राहू दे," आबा म्हणाले आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला. बंगल्यातून बाहेर पडताना कुणीतरी जोतीरामच्या हातावर पेढा ठेवला.

मग वार्षिक सर्वसाधारण सभा आली. ती माळावरच, छपराशेजारी मंडप घालून. इंदापूरच्या काही खवट सभासदांनी 'विमान बहिरं आहे' असा प्रश्न लेखी टाकला होता. त्याला उत्तर म्हणून आबांनी प्रत्यक्ष चाचणी ठेवली. विमान धावपट्टीच्या पार लांबच्या टोकाला न्यायचं, तिथून उत्कर्षानं रेडिओवर बोलायचं आणि विजयमालाच्या केबिनमधला आवाज लाउडस्पीकरवरून अख्ख्या मंडपानं ऐकायचा. इतकं उघड काम संस्थेनं आधी कधी केलं नव्हतं. (रेडिओवर इंग्रजीत बोलायचा नियम आहे. सभासदांच्या सोयीसाठी त्या दिवशी मराठीला मुभा होती.)

मागच्या बाजूला जिलेबी तळली जात होती. सगळे कान पुढं आणि नाकं मागं. विजयमालानं हाक दिली, "म्हसोबा रेडिओ बोलतंय, उत्कर्षा, बोला."

लाउडस्पीकरमधून आवाज आला: खर्र. मग जरा मोठा खर्र. मग मध्ये काहीतरी माणसासारखं वाटलं, आणि पुन्हा खर्र.

आबांनी माइक हातात घेतला. "ऐकलंत? पोरगी म्हणतीय, आवाज झकास येतोय." त्यांनी मंडपावरून नजर फिरवली. ती कॅनॉलच्या अंगाला ऊस असलेल्यांवर जरा जास्त रेंगाळली. "ज्यांना ऐकू आलं त्यांनी हात वर करा."

बारामतीकरांचे हात वर गेले. दिग्विजयरावांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या भाच्याची संस्थेत भरती व्हायची होती. त्यांचा हात वर गेला, तशी इंदापूरची रांगही उभी राहिली. ज्यांनी लेखी प्रश्न टाकला होता त्यांनी दोन्ही हात वर केले. जोतीरामनं इकडं तिकडं बघितलं, आणि वर गेलेल्या हातांतला एक आपलाच आहे हे त्याच्या लक्षात आलं. तो कधी वर गेला ते त्याला कळलंच नाही.

ठराव लिहून झाला: रेडिओ उत्तम चालतो. आबांची सही झाली, शिक्का बसला, टाळ्या पडल्या. कॅप्टन इंद्रजित केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी ठरावाची एक प्रत मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, फ्रेम करायची असेल.

टाळ्या चालू असताना जोतीराम मंडपाच्या मागून निसटला आणि मोटरसायकलवरून लांबच्या टोकाला गेला. विमानापाशी उत्कर्षा आणि रेश्मा दोघीच होत्या. उत्कर्षाच्या कानात अजून हेडफोन होता.

"काय ठरलं, अण्णा? मला खालचं येक अक्षर कळलं न्हाय."

"ऐकू येतंय म्हणून ठरलं."

"मी तीनदा सांगितलं की मला काय ऐकू येत न्हाय म्हणून!"

"त्यालाच टाळ्या पडल्या."

उत्कर्षानं हेडफोन काढला. "तुमी हात वर केला?"

जोतीरामनं खोटं बोलायचा विचार केला, पण सकाळपासून ते एकदा झालं होतं. "केला," तो म्हणाला.

पोरीनं रेश्माकडं बघितलं. रेश्मानं स्क्रू ड्रायव्हर पुढं केला. "ठराव झालाच आहे, काका," रेश्मा म्हणाली, "रेडिओ उत्तम आहे. आता तो ठरावाप्रमाणं करून ठेवायला कुणाची हरकत नसावी."

"शिडी धरता का?" उत्कर्षानं विचारलं.

जोतीरामनं शिडी धरली. शिडी धरणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला वर काय चाललंय ते दिसत नाही. चार स्क्रू सुटल्याचा आवाज आला. मग खरवडल्याचा आवाज आला, पुष्कळ वेळ. त्याच्या टोपीवर, खांद्यावर सोनेरी कपचे पडले. त्यानं ते झटकले नाहीत, कारण हात शिडीला होते. पत्रा कापडानं पुसल्याचा आवाज आला, स्क्रू पुन्हा बसले, आणि उत्कर्षा खाली उतरून थेट विमानात जाऊन बसली.

"आता तुमी जा, अण्णा," ती म्हणाली. "जिलेबी संपंल."

तो मंडपात परत आला तेव्हा आबांचं समारोपाचं भाषण रंगात आलं होतं आणि वाढपी रांगांतून फिरत होते. जोतीराम आपल्या जागेवर बसला. शेजाऱ्यानं त्याच्या खांद्यावरचा सोनेरी कपचा उचलून बघितला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून दिला.

लाउडस्पीकर बंद करायला कुणालाच सुचलं नव्हतं.

"म्हसोबा रेडिओ, मी उत्कर्षा." आवाज इतका स्वच्छ आला की जिलेबीवाल्यानं मागं वळून बघितलं. "एकटीच्या फेऱ्याला तयार आहे, परवानगी द्या. आणि मंडपातल्या सगळ्यांना रामराम. आबा, तुमचं नाव जसंच्या तसं हाय. फक्त आशीर्वाद काढलाय. तो काढल्यापासनं सगळं ऐकू यायला लागलं."

मंडपात कुणी जिलेबी चावेना. मग कॅप्टन इंद्रजित यांचा आवाज लाउडस्पीकरवर आला. विजयमालाच्या हातातून त्यांनी माइक घेतला होता. "तुझं ऐकू येतंय पोरी, अगदी कानात बोलल्यासारखं. माझं?"

"तुमचंबी. च्या पिताना फुंकर मारलेली सुदिक."

"मग जा. संस्थेचा ठरावही आहे माझ्या खिशात. सही-शिक्क्यानिशी."

आबा माइकसमोर उभे होते. माणूस मोठा का होतो ते अशा वेळी कळतं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"आत्ता जरा खरखर झाली," आबा म्हणाले. "कुणाला काय ऐकू आलं का?"

मंडपात एकही हात हलला नाही.

"दिग्विजयराव?"

"न्हाय बुवा. मी ताटाकडं बघत हुतो."

आबांची नजर फिरत फिरत आली आणि थांबली. "जोतीराम, तुजीच लेक हाय. तुला ऐकू आलं का काय?"

लांबच्या टोकाला इंजिनचा आवाज चढला. जोतीराम उठून उभा राहिला. कॅनॉलच्या अंगाचा सगळा ऊस त्याच्या डोळ्यांपुढं पात्यानं पातं उभा राहिला.

"न्हाय आबा," तो म्हणाला. "मला काय ऐकू आलं न्हाय."

"बस मग खाली."

विमान मंडपावरून गेलं. कापड फडफडलं, पत्रावळी उडाल्या, दोन हंस आणि 'पुन्हा भेटू' उन्हात चमकून गेले. सगळ्या सभेच्या माना ताटात होत्या. भाताची शितं मोजावीत तशी माणसं बघत होती. एकटा जोतीराम खाली बसला नव्हता. मान जाईल तितकी मागं टाकून, तोंड उघडं ठेवून, जे त्याला ऐकू आलं नव्हतं ते तो ठिपका होईपर्यंत बघत राहिला.

इतिवृत्तात त्या दिवशी फक्त एकच ठराव आहे आणि तो एकमतानं झालेला आहे.

तुम्ही मंडपात नव्हता, त्यामुळं तुमच्यावर काही बालंट नाही. हसलात, ते बरं केलंत; इथं कुणी बघत नाही. पण उद्या तुमच्या कचेरीत, सोसायटीत, नाहीतर घरच्याच पंगतीत कुणी मोठं माणूस सहज विचारील, "काय हो, तुम्हाला काही ऐकू आलं का?" तेव्हा तोंड उघडायच्या आधी आजूबाजूला कोण कोण बसलंय ते तुम्ही बघून घ्यालच. ते काही शिकवावं लागत नाही.